पातं आणि दम: कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गळीत हंगाम तोंडावर आलाय, उसाच्या काट्यांची कामं अंगावर आहेत, आणि त्यात हे नवीन खूळ कशाला, असं घरातून ऐकून झालं. तरी वही आज घातलीच.

भाच्याला उजवा पाय गुडघ्याखाली नाही. २०१९ साली उसाच्या ट्रॉलीखाली गेला, तेव्हा तो अकरावीत होता. पहिला पाय शिबिरात मिळाला, जयपूर फूट. त्यावर तो रानात गेला, चिखलात उतरला, मांडी घालून पंगतीला बसला. १९६८ मध्ये जयपुरात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला तोच मुळी अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या माणसांसाठी. पळण्यासाठी नव्हे. आमचा पठ्ठ्या त्यावरही पळायचा आणि स्टंप (पायाचा उरलेला भाग) सोलून घरी यायचा. दीड वर्षापूर्वी देणगीतून कार्बन फायबरचं पळायचं पातं मिळालं. आता दहा किलोमीटर पळतो, पण शेवटच्या तीनात जीव जातो.

परवा शेडवर येऊन बसला. म्हणाला, "मामा, माझ्याच वजनाचा पोरगा हाय, सराव पण सारखाच. आम्ही दोघं बरोबर पळतो. मला धाप लागती, त्यो गप्पा मारत पळतोय. हे पात्यामुळं का माझ्यामुळं, एवढं सांगा."

माझा धंदा वजनकाट्यांचा. किराणा दुकानातल्या काट्यापासून कारखान्याच्या भुईकाट्यापर्यंत दुरुस्त करतो. मला दम मोजता येत नाही, पण दाब मोजता येतो. तिथून सुरुवात.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मिरजेला जाऊन आलो. भाच्याचं सॉकेट, म्हणजे स्टंप बसतो ती वाटी, ज्यांनी केलं ते सर भेटले. आमच्या पात्याचाच नमुना, ताठपणात एक श्रेणी मऊ आणि एक श्रेणी कडक, अशी दोन वापरलेली पाती त्यांच्याकडं पडून होती. ती महिनाभर दिली. पाती बदलणं सोपं आहे: सॉकेटखालच्या जोडाच्या चार ग्रब स्क्रूंपैकी शेजारशेजारचे दोन ढिले करायचे, दुसरं बसवायचं, कोन तपासायचा. पण "कोन मीच लावणार, तुम्ही हात लावायचा नाही," असं बजावलं. त्या दोन स्क्रूंपैकी कुठला किती ढिला केला, ते लिहून ठेवायचं आणि त्याच खुणेवर परत आणायचं. जोडाचा एखादा भाग लेथवर मी करून देतो म्हटल्यावर हसले. "काटा पडला तर माल सांडतो. हा तुटला तर पोरगं पडतं." गप्प बसलो.

श्रेणी कशी ठरते हेही कळलं. कंपनी वजन आणि पळण्याचा जोर बघून तक्ता देते, त्यातून एक आकडा निघतो. त्या तक्त्यात माणसाला किती दम लागेल याचा रकाना नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या शेडमधला हायड्रॉलिक प्रेस रविवारी मोकळा असतो. पात्याचं डोकं धरायला जिग केली, खाली पाचशे किलोचा लोडसेल (दाब मोजणारा ठोकळा) ठेवला, बाजूला व्हर्नियर बांधला. तिन्ही पाती एकामागून एक दाबायची आणि किती किलोला किती मिलिमीटर वाकतात ते लिहायचं. तासाभराचं काम वाटलं होतं, दिवस गेला.

झालं असं की आकडा नीट चढेना. ऐंशी किलोपर्यंत यायचा, अडायचा, मग एकदम उडी मारायचा. आधी लोडसेलवर संशय घेतला, तो बदलला. तेच. मग प्रेसचं तेल बघितलं. शेवटी भाचा खाली वाकून बघत होता, तो म्हणाला, "मामा, टोक सरकतंय." खरंच. पातं दाबलं की नुसतं खाली जात नाही, त्याचं टोक पुढंही सरकतं. तळाचं रबर लोखंडी प्लेटवर अडकायचं आणि सुटायचं. माझा काटा पात्याचा ताठपणा मोजतच नव्हता, रबराची चिकाटी मोजत होता. दोन प्लेटांमध्ये बेअरिंगच्या गोळ्या पसरल्या, वरची प्लेट मोकळी सरकू दिली. आकडे लोण्यासारखे आले.

भाच्याचं वजन पातं घालून ६२ किलो. पळताना पावलावर वजनाच्या दुप्पट-अडीचपट जोर येतो, म्हणून १४० किलोपर्यंत दाबलं. मऊ पातं ६६ मिलिमीटर वाकलं, सध्याचं ६०, कडक ५५. मग हळूहळू सोडत परतीचे आकडेही घेतले. मधल्या टप्प्यावर जाताना ६८ किलो होते तिथं येताना ६४. म्हणजे पात्यात घातलेलं सगळं परत येत नाही, थोडं आतल्या आत जिरतं. पण थोडंच.

एका पावलाला साठवण किती? १४० किलोला ६० मिलिमीटर या हिशेबानं साधारण ४१ जूल. सव्वाचार किलोची पिशवी कमरेएवढी उचलावी, एवढी. लोक म्हणतात पातं माणसाला उडवतं. उडवत नाही. ठेव ठेवली तर परत देतं, तीही थोडी कापून. कमाई करणारी पोटरी ती. उजव्या बाजूला तीच नाही, म्हणून जमिनीला मागं रेटायचं ते काम गुडघ्याच्या आणि मांडीच्या वाट्याला येतं.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदान. दुकान बंद. बोटाला शाई लावून आल्यावर लेकीनं लॅपटॉप उघडला. तिनं एक अभ्यास शोधलाय: २०१७ सालचा, अमेरिकेतल्या बेक, ताबोगा आणि ग्रबोव्स्की या तिघांचा. धावपटूंना ट्रेडमिलवर सेकंदाला अडीच किंवा तीन मीटर वेगानं पळवलं, श्वासावरून शरीराचा खर्च मोजला आणि ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली जोर मोजायची सोय. कंपन्यांचे तीन नमुने घेतले: कॅटापल्ट, फ्लेक्स-रन आणि १ई९० स्प्रिंटर. प्रत्येक नमुना शिफारशीच्या श्रेणीचा, एक वर, एक खाली. शिवाय उंची दोन सेंटिमीटरनं कमी-जास्त. निष्कर्ष असा की मऊ पात्यानं पळायचा खर्च कमी होतो. उंचीनं काही होत नाही. आणि ताठपणा सारखा धरला तरी नमुन्यानमुन्यात चार-पाच टक्क्यांचा फरक.

झालं की मग! मऊ पातं घाला, दम वाचवा. मी तर मिरजेला फोन करायच्या बेतात होतो. लेक म्हणाली, "पप्पा, आधी मोजा तरी."

चार-पाच टक्के म्हणजे किती, याचा माझा हिशेब: माणूस एक किलोमीटर पळला की ढोबळमानानं वजनाच्या दर किलोला एक किलोकॅलरी जाते. ६२ किलोच्या पोराला दहा किलोमीटरला सहाशेवीस. त्याचे चार टक्के पंचवीस. चतकोर भाकरी. ऐकायला हसू येतं, पण आठव्या किलोमीटरला ती चतकोरच कमी पडते.

१ डिसेंबर, रविवार

श्वास मोजायचं यंत्र आमच्याकडं नाही. नाडीवर भागवायचं ठरलं, छातीला पट्टा. नाडी म्हणजे प्राणवायू नव्हे. ऊन, चहा, झोप, धास्ती सगळं तिच्यात मिसळतं. पण त्याच माणसाची, त्याच वेगाला, त्याच दिवशी तुलना केली तर काहीतरी कळेल. वेग पक्का हवा म्हणून राजारामपुरीतल्या एका जिमचं ट्रेडमिल सकाळी दोन तास मागितलं. सेकंदाला अडीच मीटर म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. पडद्यावर नऊ लावलं.

पण पडद्यावर विश्वास ठेवणारा काटेवाला नव्हे. पट्ट्यावर खडूची रेघ मारली, पट्टा फिरवून लांबी मोजली: २.९२ मीटर. भाचा वर पळत असताना रेघ मिनिटाला किती वेळा येते ते लेकीनं मोबाइलवर टिपलं. ४९ वेळा. म्हणजे मिनिटाला १४३ मीटर, ताशी ८.६. रिकाम्या पट्ट्याला काढलेला वेग पळणारा माणूस वर आल्यावर घसरतो. पडद्यावर ९.४ लावलं तेव्हा रेघ ५१ वेळा आली. आमचं नऊ म्हणजे त्यांचं ९.४, अशी नोंद. जिमवाला म्हणाला, "म्हणजे माझी गिऱ्हाईकं रोज कमी पळत्यात?" व्हय बाबा, पण सांगू नकोस.

८ डिसेंबर, रविवार

सहा मिनिटं पळायचं, शेवटच्या दोन मिनिटांची सरासरी नाडी धरायची, सहा मिनिटं विश्रांती, मग पुढचं पातं. सर मिरजेहून स्वतः आले. आधी मऊ, मग सध्याचं, मग कडक.

मऊ १४८. सध्याचं १५१. कडक १५६.

अभ्यासात लिहिलंय तस्संच! घरी येताना सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

१५ डिसेंबर, रविवार

मिसळीचे पैसे वाया गेले.

सरांचा आग्रह होता की आज क्रम उलटा करा. कडक १४९. सध्याचं १५३. मऊ १५७. म्हणजे शेवटी जे पातं येईल त्याचीच नाडी जास्त. पाती निर्दोष, आमचा क्रम दोषी. अंग तापतं, जिममध्ये वारा नाही, नाडी आपसूक चढते. शेतकऱ्याला काटामारीच्या गोष्टी सांगणारा मी, पहिल्याच फेरीत शून्य न बघता वजन लिहून मोकळा.

पण ऊब हे एकच कारण नव्हतं. तिसऱ्या पळण्यात पावलाचा आवाज बदलला होता. पहिल्यांदा टप्-टप् यायचा तो शेवटी टप्-थड् येऊ लागला. सरांनी सॉकेट काढायला लावलं. लायनरमधून (स्टंपवरच्या मऊ आवरणातून) घाम गळाला, आणि स्टंप बघितला तर गुडघ्याच्या वाटीखालची दाबाची खूण सकाळच्या जागेच्या करंगळीभर वर. पळता पळता स्टंप आटतो. आटला की सॉकेटमध्ये खाली उतरतो आणि प्रत्येक पावलाला वर-खाली होतो, इंजिनातल्या दट्ट्यासारखा. मग पातं कितीही चांगलं असो, त्याच्या आधी हा ढिलेपणा भरून काढण्यात स्नायू झिजतात. भाचा म्हणाला, "हे तर रोजच होतंय की, सातव्या किलोमीटरपासनं." मग आजवर बोलला का नाहीस? "मला वाटलं सगळ्यांचंच असं असतंय."

सरांनी त्याला तीन-पदरी आणि एक-पदरी असे दोन जादा मोजे दिले. थांबायचं, एक चढवायचा, पुढं पळायचं. पंचेचाळीस सेकंदांचं काम.

या दोन रविवारांचे आकडे फुली मारून बाद.

२९ डिसेंबर, रविवार

मागचा आणि हा, दोन्ही रविवार नव्या शिस्तीनं. एकाच सकाळी सहा फेऱ्या: मऊ, सध्याचं, कडक, मग उलट कडक, सध्याचं, मऊ. मध्ये वीस मिनिटं, दोन पंखे, प्रत्येक फेरीआधी मोज्यांचा पदर तपासायचा. दोन्ही दिवसांच्या सरासऱ्या: मऊ १४८, सध्याचं १४९, कडक १४९. एकाच पात्याच्या दोन फेऱ्यांतच तीन-चार ठोक्यांचा फरक येतो, मग या एका ठोक्याला काय अर्थ. फरक नाही, असंच लिहितो.

भाच्याला मात्र फरक जाणवतो. मऊ "गादीवर पळाल्यागत", कडक "डांबरावर हातोडा". जाणवतं ते खरं, पण ते खर्चात दिसत नाही.

जिममधला एकजण बाजूच्या मशिनवरून बोलला, "ह्या पात्यानं पळणं म्हणजे चिटिंग की." भाच्यानं ऑस्कर पिस्टोरियसचं सांगितलं. दोन्ही पाय नसलेला तो धावपटू; जानेवारी २००८ मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं पात्यांवरून बंदी घातली आणि मे महिन्यात क्रीडा लवादानं ती उठवली, कारण सगळा ताळा मांडला तर पात्यांचा निव्वळ फायदा होतो हे सिद्ध झालं नव्हतं. पुढं २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो चारशे मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. तो गडी म्हणाला, "मग मला पण एक पातं द्या." भाचा म्हणाला, "देतो. आधी पाय काढून ठेवा." जिममध्ये शांतता.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

लेकीचा हॉस्टेलवरून रात्री साडेदहाला फोन. "पप्पा, आपण चुकीचा अभ्यास वाचला."

चुकीचा म्हणजे खोटा नव्हे. नोव्हेंबरात वाचला तो अभ्यास दोन्ही पाय गुडघ्याखाली नसलेल्या पाच धावपटूंवर होता. भाच्याचा एकच पाय नाही. पहिल्या ओळीतच लिहिलेलं होतं ते, आम्ही आकड्यांवर उडी मारली. त्याच तिघांनी त्याच वर्षी दुसरा अभ्यास केलाय, एकच पाय नसलेल्या दहा जणांवर. त्यात ताठपणानं खर्चात फरक पडला नाही. उंचीनंही ठाम फरक नाही. फरक पडला तो नमुन्यानं: १ई९० स्प्रिंटर घातल्यावर कॅटापल्टपेक्षा ४.३ टक्के आणि फ्लेक्स-रनपेक्षा ३.४ टक्के कमी खर्च.

डिसेंबरभर आमच्या हाताला काही लागेना ते याच्यामुळं. आम्ही अपयशी नव्हतो, आमचं उत्तर बरोबर आलं होतं. हे कळल्यावर रात्री झोप लागेना.

दोन्हीकडं उत्तर वेगळं का, यावर मी माझ्यापुरतं असं समजतो. दोन्ही पाती असलेल्या माणसाचा पाय किती ताठ हे बहुतेक पातंच ठरवतं. शरीर ते सावरून घेत नाही, असं त्यांनी मोजून दाखवलंय. पातं मऊ केलं की आख्खा माणूस मऊ उसळतो. आमच्याकडं एक पाय हाडामांसाचा आहे, जोर देणारा, चुका झाकणारा. नुसत्या पात्याला हात घालून दोन्ही पायांची जोडी बदलत नाही.

नमुन्यांचा आकारही बघितला. कॅटापल्ट आणि फ्लेक्स-रन सॉकेटच्या बुडाखाली लागतात, इंग्रजी सी सारखे. स्प्रिंटर सॉकेटच्या पाठीमागून बोल्टनं बसतो आणि इंग्रजी 'जे' सारखा खाली वळतो. आमचं पातं सीच्या घरातलं. अशा वाकवलेल्या पात्याची मूळ कल्पना व्हॅन फिलिप्स या अमेरिकन माणसाची. १९७६ मध्ये वॉटर स्कीइंग करताना त्याचा पाय गेला, मिळालेला लाकूड-रबराचा पाय त्याला पटेना, म्हणून तो स्वतःच ते काम शिकला आणि १९८४ मध्ये फ्लेक्स-फूटची कंपनी काढली. चित्त्याचा मागचा पाय डोळ्यांपुढं ठेवून त्यानं कार्बनचं पातं वाकवलं. आमच्या उद्यमनगरात असा माणूस निघाला असता तर त्यानं आधी ट्रकचा कमानपाटा कापून बघितला असता. (मी विचार केला होता. वजन आठवलं आणि सोडला. बुटाला शंभर ग्रॅम वाढले की पळायचा खर्च सुमारे एक टक्क्यानं वाढतो.)

१२ जानेवारी, रविवार

अक्काचा वेगळाच मुद्दा. "बाकी तुमचं काय ते चालू द्या, त्याचं लंगडणं दिसायला नको." चुकीचं नाही, आईचे डोळे पहिल्यांदा तिथंच जातात. मोबाइलच्या संथ चित्रणात, सेकंदाला २४० चौकटी, डावा पाय जमिनीवर ७० चौकटी टेकतो आणि पातं ६६. सरांनी पायलॉन (सॉकेट आणि पात्यामधली नळी) एक सेंटिमीटरनं लांब करून दिला. मग डावा ६९, पातं ६८. बघायला एकदम सुरेख. अक्का खूष. नाडी जिथल्या तिथं.

नवीन अभ्यासात याचंही उत्तर आहे, आणि मला ते सगळ्यात आवडलं. पावलांची वेळ दोन्ही बाजूंना सारखी असणं आणि खर्च कमी असणं यांचा संबंध सापडला नाही. दोन्ही पायांखालचा जास्तीत जास्त जोर जितका सारखा, तितका खर्च कमी, हे मात्र सापडलं. म्हणजे डोळ्याला दिसते ती समानता वेगळी आणि जमिनीला कळते ती वेगळी. आणि जमिनीला कळतं ते मोजायचं म्हणजे काट्याचंच काम!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ देऊन लेकीला सुट्टीवर शेडला आणली. जुन्या प्लॅटफॉर्म काट्याच्या चार लोडसेलवर एकोणीस मिलिमीटरचा प्लायवूड टाकला, आजूबाजूला त्याच उंचीच्या फळ्या, मध्ये बोटभर फट. भाचा वरून पळाला. आमच्या काट्याच्या डिस्प्लेवर १०८ किलो, पुढच्या वेळी १३९, नंतर ९६. काहीही.

कारण सापडायला वेळ लागला नाही. काट्याचं इंडिकेटर सेकंदाला दहा वेळा वजन वाचतं. उसाची गाडी उभी असते, तिला दहा पुरतात. पाऊल टेकतं सेकंदाच्या पाव भागाहून थोडं जास्त, म्हणजे दोन-तीन वाचनं, त्यात शिखर हुकणारच. लेकीनं एचएक्स७११ची, लोडसेल वाचणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी लावली, ती सेकंदाला ८० वेळा वाचते. आता एका पावलाला वीस-बावीस ठिपके आणि कागदावर नीट टेकडी दिसते. दोन्हीकडून उतरती.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून थेट शेड. अंगणात वेग पक्का ठेवता येत नाही, म्हणून दोन खुणांमधली वेळ बघून फार हळू किंवा फार जोरात आलेल्या फेऱ्या बाद केल्या. उरल्या बावीस. डाव्या पायाखाली सरासरी १५२ किलो, पात्याखाली १३१.

एकवीस किलोचा फरक. डोळ्याला लंगडणं दिसत नाही, पण प्रत्येक पावलाला डावा पाय जादा ओझं घेतोय. भाच्याचा डावा गुडघा रात्री दुखतो, ते त्यानं आज सांगितलं. मी आकडा दाखवला म्हणून सांगितलं. असं हे पोरगं.

मोज्यांचा पदर कमी ठेवून पाच फेऱ्या घेतल्या तर पात्याखालचा आकडा १२५ पर्यंत उतरला. सॉकेट ढिलं असलं की तो उजव्या बाजूवर भार टाकायलाच धजत नाही. दुखेल ही भीती स्नायूंना डोक्याच्या आधी कळते. सरांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "उद्या या. नवीन साचा घेऊ. 'जे' आकाराचं पातं मिळतंय का बघतो."

९ फेब्रुवारी, रविवार

नवीन सॉकेट आलं. पाठीला बोल्टची पट्टी, बुडाला काही नाही. 'जे' पातं वापरलेलंच आहे, भाच्याच्या श्रेणीचं. आम्ही हौसेनं जिमला गेलो आणि नाडी आली १५५. भाचा गप्प. सर म्हणाले, नवीन पातं अंगवळणी पडल्याशिवाय मोजू नका, आज फक्त चालवा. पातं मागून येतं म्हणून टाच टेकायची सवय मोडावी लागते, उभं राहिलं तरी तोल पुढं जातो. जिमच्या आरशापुढं तो चुळबुळत एकाच जागी पावलं टाकत उभा होता, तालमीत नवखा पोरगा असतो तसा.

स्टंपच्या पुढच्या हाडावर लाल डाग. घासून आतली कड मोकळी केली. तीन आठवडे वहीला सुट्टी.

२ मार्च, रविवार

डाग गेला. गेले पंधरा दिवस भाचा रोज सकाळी विद्यापीठाच्या रस्त्यांवर 'जे' पात्यावर पळतोय.

आज सहा फेऱ्या, जुनं सॉकेट-सी आणि नवं सॉकेट-जे, आलटून पालटून. सी १४९, जे १४५. फळीवर डावा १४७, पातं १३७. जोराचा फरक एकवीसवरून दहावर.

आता प्रामाणिकपणे लिहायचं तर हे 'जे' पात्यामुळं झालं का नव्या, घट्ट सॉकेटमुळं, हे मला सांगता येत नाही. दोन्ही एकदमच बदललं. नव्या सॉकेटला बुडाला जोड असता तर त्यावर सी लावून बघता आलं असतं. सर म्हणाले, पुढच्या साच्याला दोन्ही सोयी ठेवू, पण पुढचा साचा वर्षभर तरी नाही. लेक फोनवर चिडली, "पप्पा, एका वेळी एकच बदलायचं असतं!" कळतं गं. पण पोराचा गुडघा दुखत होता.

भाच्याला म्हटलं, तुझं पण लिहितो, सांग. त्यानं विचार केला. "आधी उजवा पाय मागनं ओढून आणायला लागायचा. आता त्यो आपणहून येतोय." मग म्हणाला, "आणि मोजे बदलायला थांबलो की आता लाज वाटत नाही."

पाठीच्या दोन बोल्टांवर पिवळ्या रंगाची आडवी रेघ मारलीय, ढिले झाले तर रेघ तुटलेली दिसेल. रोज पळण्याआधी बघायचं काम अक्काकडं. कारखान्याचा काटा उद्या सकाळी सातला तपासायचाय, वजनं गाडीत भरून ठेवली.